आंब्याच्या झाडाची रचना: ड्रोनला काय दिसते, काय दिसत नाही

लखनऊहून मलिहाबादच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दशहरीच्या जुन्या बागा लागतात. रस्त्यावरून त्या समृद्ध दिसतात: उंच झाडे, गर्द पाने, सलग सावली. आत शिरल्यावर चित्र बदलते. भर दुपारीही जमिनीवर उन्हाचे कवडसे मोजकेच पडतात, खालच्या फांद्या वाळलेल्या असतात आणि मोहोर शोधण्यासाठी मान पूर्ण मागे टाकावी लागते. अशा एखाद्या बागेवरून ड्रोन उडवून टिपलेले छायाचित्र पाहिले, तर त्यात झाडे मोजता येत नाहीत. दहा मीटर अंतरावर लावलेली झाडे कधीच एकमेकांत मिसळून गेलेली असतात. ओळी दिसत नाहीत, फटी दिसत नाहीत. दिसते ती एक सलग, खडबडीत हिरवी गोधडी. बागमालकाला ही बाग भरलेली वाटते. कीटकशास्त्रज्ञाला मात्र त्याच छायाचित्रात तुडतुड्यांच्या निवासाची सोय दिसते, जरी त्यात एकही तुडतुडा दिसत नसला तरी.

शेतीतील ड्रोन म्हटले की आज बहुतेकांना फवारणीच आठवते. नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला स्वयंसहायता गटांना ड्रोन देण्याचे ठरले, त्याचा भरही प्रामुख्याने द्रवरूप खते व कीडनाशकांच्या फवारणीवर आहे. फळबागेच्या बाबतीत मात्र ड्रोनचा अधिक मोलाचा उपयोग कदाचित त्याच्या टाकीत नसून कॅमेऱ्यात आहे. झाडाची उंची, पसारा, दोन झाडांमधील मोकळी जागा, फांद्यांची विरळ किंवा दाट ठेवण या साऱ्याला येथे झाडाची रचना म्हटले आहे. ही रचना हजारो झाडांची, एका सकाळीत, आकड्यांमध्ये मोजून देणारे दुसरे साधन बागायतदाराच्या आवाक्यात आजवर नव्हते.

कीटकाच्या दृष्टीने झाडाचा आकार

आंब्यावरील तुडतुड्यांच्या तीन जाती आपल्याकडे महत्त्वाच्या आहेत: अमृतोडस अ‍ॅटकिन्सोनी, इडिओस्कोपस क्लायपियालिस आणि इडिओस्कोपस निटिड्युलस. मोहोर नसलेल्या काळात प्रौढ तुडतुडे खोडाच्या सालीतील भेगांमध्ये व पानांच्या दाटीत आश्रय घेतात. मोहोर फुटू लागला की ते वर सरकतात, कोवळ्या मोहोराच्या ऊतींमध्ये अंडी घालतात, आणि पिल्ले व प्रौढ दोघेही रस शोषतात. त्यांनी बाहेर टाकलेल्या गोड चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि पाने, मोहोर, फळे काजळीने माखतात. एवढे बहुतेक बागायतदारांना ठाऊक आहे. तुडतुड्यांना सावली, ओलावा आणि कोंदटपणा मानवतो, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. ऊन व वारा खेळणाऱ्या झाडावर त्यांची वाढ तितकी होत नाही. एकमेकांत गुंतलेल्या झाडांत फवारणीचे तुषार आतपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे मधल्या भागातील तुडतुडे वाचतात आणि पुन्हा बाहेरच्या मोहोरावर येतात. पाने एकत्र गुंफून जाळे करणाऱ्या अळीचा उपद्रवही दाट, छाटणी न झालेल्या बागांतच अधिक आढळतो.

म्हणजे तुडतुड्यांचा प्रश्न काही अंशी कीडनाशकाचा आणि बऱ्याच अंशी झाडाच्या आकाराचा आहे. तरीही आकार सुधारण्याऐवजी फवारण्यांची संख्या वाढवली जाते. याचे एक कारण असे की फवारणी आज करून आज दिसते. आकार बिघडत जातो तो मात्र वर्षानुवर्षे, इतक्या हळूहळू की रोज बागेत वावरणाऱ्या माणसाला तो जाणवतही नाही. सघन लागवडीत हा बिघाड अधिक वेगाने होतो. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली आम्रपाली ही ठेंगणी जात २.५ × २.५ मीटर अंतरावर हेक्टरी १,६०० झाडे या हिशेबाने लावण्याची शिफारस झाली. नियमित छाटणी चुकली तर अशी बाग काही वर्षांतच भिंतीसारखी बंद होते. दरवर्षी त्याच महिन्यात घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की हा हळूहळू होणारा बदल एकदम डोळ्यांत भरतो.

छायाचित्रापासून मोजमापापर्यंत

ड्रोन बागेवरून समांतर रेषांत फिरतो आणि ठरावीक अंतराने छायाचित्रे घेत जातो. प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्रातील बराचसा भाग पुन्हा येतो. पिकांच्या सपाट शेतात ही आच्छादनाची टक्केवारी थोडी कमी चालते. झाडांच्या बाबतीत पुढच्या आणि बाजूच्या दोन्ही दिशांना सुमारे ८० टक्के आच्छादन ठेवणे हिताचे असते, कारण झाडाचा शेंडा प्रत्येक छायाचित्रात थोड्या वेगळ्या कोनातून दिसतो. एकच फांदी अनेक कोनांतून दिसली की संगणक तिचे अवकाशातील स्थान गणिताने काढतो. आपल्या दोन डोळ्यांना अंतराचा अंदाज येतो तो याच तत्त्वावर. अशा लक्षावधी बिंदूंतून बागेची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते.

या प्रतिकृतीतून दोन पृष्ठभाग वेगळे काढले जातात. एक वरचा, म्हणजे झाडांचे शेंडे आणि मोकळी जमीन मिळून जे वरून दिसते ते. दुसरा केवळ जमिनीचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरते ती झाडांची उंची. एखाद्या ठिकाणी शेंडा समुद्रसपाटीपासून ११८.४ मीटरवर आणि जमीन १०९.९ मीटरवर असेल, तर झाड ८.५ मीटर उंच. वजाबाकी सोपी आहे, पण सारी अडचण दुसऱ्या पृष्ठभागातच आहे.

कारण कॅमेऱ्याला जी जमीन दिसत नाही, तिची उंची त्याला कळत नाही. मलिहाबादच्या बंद बागेत जमीन कुठेच दिसत नाही, मग संगणक आजूबाजूच्या रस्त्यांवरून, बांधांवरून अंदाज बांधतो. सपाट प्रदेशात हा अंदाज बराचसा चालून जातो. कोकणात चालत नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्गातील हापूसची कलमे कातळावर, डोंगरउतारावर, पायऱ्या पाडून लावलेली असतात. दोन कलमांमध्येच जमीन दोन-तीन मीटर खाली गेलेली असू शकते. तेथे अंदाजाने काढलेली जमीन म्हणजे अंदाजाने काढलेली उंची. त्यात पावसाळा संपताना वाढलेले गवत भर घालते. कमरेइतके गवत संगणकाला जमीनच वाटते आणि प्रत्येक कलम तेवढ्याने बुटके ठरते. म्हणून कोकणात गवत कापल्यानंतर जमिनीचे एक सर्वेक्षण काळजीपूर्वक करून ठेवावे, झाडांमधील मोकळ्या जागांवर अचूक स्थान मोजलेल्या खुणा ठेवाव्यात, आणि पुढील वर्षांच्या वजाबाकीसाठी तीच जमीन वापरावी. जमीन दरवर्षी बदलत नाही, झाडे बदलतात. लेसर किरणांवर चालणारी लिडार यंत्रणा पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचते आणि हा प्रश्न बऱ्याच प्रमाणात सोडवते, परंतु तिचा खर्च लहान बागायतदाराला परवडण्यासारखा नाही.

उतारावर आणखी एक चूक वारंवार होते. ड्रोन उडताना जेथून उडाला त्या जागेपासूनची उंची धरून चालतो. डोंगराच्या पायथ्यापासून ६० मीटर उंचीवर निघालेला ड्रोन माथ्यावरच्या कलमांपासून २० मीटरवरच असू शकतो. मग छायाचित्रातील आच्छादन कमी पडते आणि नेमक्या वरच्या कलमांची प्रतिकृती फाटल्यासारखी होते. भूभागाच्या चढउताराप्रमाणे ड्रोनची उंची बदलत ठेवण्याची सोय वापरली आहे का, हे सेवा देणाऱ्याला आधीच विचारून घ्यावे.

वारा हाही शत्रूच. पान हलले की दोन छायाचित्रांत ते दोन ठिकाणी दिसते आणि संगणक ते सोडून देतो. शेंड्याच्या बारीक डहाळ्या यात प्रथम गळतात, त्यामुळे ड्रोनने मोजलेली उंची बहुधा प्रत्यक्षापेक्षा थोडी कमीच भरते. किनारपट्टीवर खारे वारे सुरू होण्यापूर्वी, पण सावल्या फार लांब नसतील अशा वेळी, म्हणजे सकाळी उशिराने उड्डाण करणे योग्य. आंब्यासारख्या मोठ्या झाडाला अर्ध्या मीटरचा फरक निर्णयाच्या दृष्टीने फारसा अडत नाही. दोन वर्षांची तुलना करताना मात्र तोच कॅमेरा, तीच उंची आणि तोच हंगाम असावा. नाहीतर झाड वाढले की मोजमाप बदलले, हे सांगता येणार नाही.

मापांचा उपयोग: एक जुनी शिफारस, एक जुनी सवय

हापूसच्या बागायतदारांना पॅक्लोब्युट्राझॉल नवे नाही. पसाऱ्याच्या प्रत्येक मीटर व्यासामागे ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, अशी त्याची मात्रा कोकणात रूढ आहे. व्यास काढायचा तो पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर या दोन मापांच्या सरासरीने. प्रत्यक्षात किती बागांत फीत धरून हे मोजले जाते? बहुधा एका झाडाकडे पाहून अंदाज होतो आणि तोच पुढच्या शंभर झाडांना लागू होतो. आठ मीटर व्यासाच्या कलमाला ६ ग्रॅम लागतात; ते दहा मीटरचे समजले तर ७.५ ग्रॅम पडतात, म्हणजे पाव हिस्सा अधिक. वर्षानुवर्षे असे अधिक पडत गेले की पेरे आखूड होतात, पालवी खुरटते, मोहोर गुच्छासारखा आकसतो. आकसलेल्या मोहोरात तुषार शिरत नाहीत आणि तुडतुड्यांची पिल्ले सुखरूप राहतात. एका जागी झालेली मोजमापाची चूक कीड नियंत्रणात दुसऱ्या जागी अशी वर येते.

ड्रोनच्या प्रतिमेतून प्रत्येक कलमाच्या पसाऱ्याची बाह्यरेषा काढता येते. आकार वेडावाकडा असला तरी त्याचे क्षेत्रफळ मिळते आणि क्षेत्रफळावरून समतुल्य व्यास. ५० चौरस मीटर पसाऱ्याच्या कलमाचा समतुल्य व्यास सुमारे ८ मीटर येतो. उताराकडच्या बाजूला अधिक पसरलेल्या कलमांना ही पद्धत दोन मापांच्या सरासरीपेक्षाही न्याय्य ठरते. झाडांना क्रमांक देऊन अशी यादी एकदा झाली की मजुराच्या हाती अंदाज न देता आकडा देता येतो. अर्थात यादीत अशक्त, रोगट आणि नुकतीच कठोर छाटणी झालेली झाडे हाताने वगळावी लागतात. त्यांना हे संजीवक देऊ नये, हे प्रतिमा सांगत नाही.

फवारणीच्या बाबतीत सवय याहून घट्ट आहे. "हेक्टरी अमुक लिटर" किंवा "झाडाला तमुक लिटर" हा हिशेब झाडाच्या आकाराकडे पाहतच नाही. पसाऱ्याची लांबी, रुंदी आणि जमिनीजवळचे मोकळे खोड सोडून उरलेली उंची यांच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणले की अंडाकृती पसाऱ्याचे घनफळ ढोबळमानाने मिळते. आता दोन बागा समोर ठेवू. पहिली जुनी, १० × १० मीटरवर हेक्टरी १०० झाडे, प्रत्येकाचा पसारा ९ मीटर रुंद आणि ८ मीटर उंच: हेक्टरी जवळपास ३४,००० घनमीटर पानोळा. दुसरी ५ × ५ मीटरवर हेक्टरी ४०० झाडे, छाटणीने ताब्यात ठेवलेली, पसारा ३.५ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच: हेक्टरी सुमारे ६,४०० घनमीटर. दोन्ही बागा एक हेक्टरच्या. पण भिजवायचा पानोळा एकीत दुसरीच्या पाचपटीहून अधिक. "हेक्टरी" हिशेबाने पहिल्या बागेत तुडतुडे वाचतात आणि दुसरीत औषध मातीत जाते. "झाडामागे" हिशेबाने तर दुसऱ्या बागेत चौपट औषध पडते, जेथे गरज सर्वांत कमी आहे.

याचा अर्थ असा नव्हे की प्रत्येक झाडासाठी वेगळा पंप लावावा. प्रतिमेवरून बागेतील झाडे लहान, मध्यम व मोठी अशा तीन गटांत विभागावीत. प्रत्येक गटातील दोन-तीन झाडांवर नुसते पाणी फवारून, पाने पूर्ण भिजतील पण थेंब गळू लागणार नाहीत, इतके पाणी किती लागते ते मोजावे. तेवढेच द्रावण त्या गटाला. औषधाची तीव्रता मात्र लेबलवर दिलेलीच ठेवायची. बदलायचे ते एकूण द्रावण. ही साधी कृती केली की औषध कुठे वाया जात होते ते पहिल्याच फवारणीत कळते.

रंगीत नकाशाचा मोह

रचनेच्या मापांबरोबर सेवा देणारे बहुधा एक रंगीत नकाशाही देतात. तो बहुवर्णीय कॅमेऱ्याने घेतलेला असतो. निरोगी हिरवे पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. या दोहोंच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून निर्देशांक काढतात. जास्त निर्देशांक हिरव्या रंगात, कमी लाल रंगात दाखवला जातो. नकाशा देखणा दिसतो, आणि "लाल तेथे रोग" असे सांगून तो विकलाही जातो. आंब्यात हे वाचन जागोजागी फसते.

आंब्याची नवी पालवी तांबूस असते. उत्तम पालवी फुटलेले निरोगी कलम निर्देशांकात कमी दिसते आणि नकाशावर लाल होते. मोहोराने भरलेले झाडही तसेच, कारण वरून दिसतो तो पिवळसर-गुलाबी मोहोर, पान नव्हे. याउलट दाट, आतून कोंदटलेले, तुडतुड्यांनी भरलेले झाड गर्द हिरवे दिसते. नकाशावर ते बागेतील सर्वांत निरोगी झाड! तुडतुडा ४-५ मिलिमीटरचा. ६० मीटर उंचीवरून नेहमीच्या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये सुमारे दीड ते दोन सेंटिमीटरचा चौकोन मावतो. शिवाय तो असतो मोहोराच्या दांड्यावर, पानाखाली, सालीच्या भेगेत. काजळी मात्र वरून दिसू शकते. पण काजळी दिसेपर्यंत मोहोराचे नुकसान होऊन गेलेले असते. ती पुढच्या वर्षी कुठे प्रथम पाहावे याची खूण म्हणून उपयोगी, या वर्षीच्या फवारणीचा इशारा म्हणून नव्हे.

एका बाबतीत वरची नजर खरोखर वरचढ ठरते, ती म्हणजे बांडगूळ. मोठ्या झाडाच्या माथ्यावर वाढलेले बांडगूळ खालून पानांच्या गर्दीत लपते आणि फांदी वाळू लागल्यावरच ओळखू येते. वरून घेतलेल्या साध्या रंगीत छायाचित्रात त्याचा पुंजका वेगळ्या छटेचा आणि वेगळ्या पोताचा दिसतो. झाडाच्या कोणत्या बाजूला, साधारण किती उंचीवर, हे कळले की चढणाऱ्या माणसाचे कष्ट वाचतात. बांडगूळ फळे धरण्यापूर्वी, फांदीच्या आत शिरलेल्या भागासह, काढले पाहिजे. वरवर तोडलेले पुन्हा फुटते.

छाटणी आणि भिरुड

जुन्या बागा पुन्हा उत्पादनक्षम करण्यासाठी उत्तर भारतात मुख्य फांद्या चार-पाच मीटर उंचीवर कापून झाड नव्याने फोडण्याची पद्धत प्रसृत झाली; लखनऊजवळील रहमानखेडा येथील केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने तिचा बराच प्रसार केला. कापणी डिसेंबरच्या सुमारास होते, पुढे अनेक फुटवे येतात, त्यांची विरळणी करावी लागते, आणि साधारण दोन-तीन वर्षांनी झाड पुन्हा फळावर येते. पद्धतीचे लाभ स्पष्ट आहेत. एक धोकाही आहे, आणि तो कीटकशास्त्राचा आहे.

खोडकिडा, कोकणात ज्याला भिरुड म्हणतात तो बॅटोसेरा रुफोमॅक्युलॅटा, इजा झालेल्या आणि ताणाखालील झाडांकडे ओढला जातो. मादी सालीतील जखमांत व भेगांत अंडी घालते. अळी खोडात व जाड फांद्यांत शिरून अनेक महिने आतून पोखरत राहते. एका रात्रीत सावलीतून उन्हात आलेली साल भाजते, तडकते. मोठ्या कापांच्या जखमा उघड्या राहतात. सरसकट, एकदम छाटलेल्या बागांत नंतर भिरुडाने झाडे दगावल्याचा अनुभव अनेक बागायतदारांना आला आहे. म्हणूनच आता सगळी फांदीरचना एकदम उतरवण्याऐवजी झाडाच्या मधोमध सरळ वर गेलेल्या एक-दोन फांद्या दरवर्षी काढून मध्य उघडा करण्याकडे कल वाढला आहे. यात उत्पन्न एकदम थांबत नाही आणि सालीला उन्हाची सवय होत जाते. ज्या कुटुंबाची सारी मिळकत बागेवर आहे, त्याच्या दृष्टीने पहिला मुद्दा दुसऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे.

ड्रोनची खरी मदत येथे होते. झाडांच्या उंचीचा नकाशा हाती असला की तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात: कोणती झाडे शेजाऱ्यांवर चढली आहेत, कोणत्या झाडातील कोणती मधली फांदी सर्वांत उंच आहे, आणि कोणत्या ओळी उघडल्या तर प्रकाश व वारा सर्वाधिक आत येईल. खालून पाहताना दोन झाडांच्या गुंतलेल्या फांद्यांपैकी कोणती कोणाची, हेही पुष्कळदा ठरत नाही. शंभर झाडांपैकी पहिल्या वर्षी पंचवीस निवडायची असतील, तर ही निवड अंदाजाने न करता नकाशावरून करता येते. छाटणीनंतर लगेच आणि पुढे वर्षाने पुन्हा प्रतिमा घेतली की उघडलेली जागा किती टिकली, फुटवे किती वेगाने भरले, विरळणी कुठे राहून गेली ते दिसते.

भिरुडाबाबत मात्र प्रतिमेकडून फार अपेक्षा ठेवू नये. एका बाजूची फांदी विरळ झालेली, पाने पिवळसर, मग पोकळी, असे चित्र वरून दिसते. पण तोवर अळीने आपले काम बरेच उरकलेले असते. शिवाय असेच चित्र फांदीमर रोगाने, वाळवीने किंवा मुळांच्या त्रासानेही दिसते. प्रतिमेत विरळ दिसलेल्या प्रत्येक झाडापाशी जाऊन खोड पाहावे लागते: सालीवर छिद्र आहे का, त्यातून चिकट रस वाहतो का, बुंध्याशी लाकडाचा भुसा पडला आहे का. भुसा ताजा असेल तर अळी जिवंत आहे. छाटलेल्या झाडांची अशी पाहणी पहिली दोन वर्षे दर महिन्याला व्हावी, मग प्रतिमेत ती कितीही हिरवी दिसोत.

नकाशा घेऊन बागेत

कृषी सहायक आणि कृषी विज्ञान केंद्रांतील कार्यकर्त्यांपुढे नेहमीचा प्रश्न असतो, की मोठ्या बागेत कोणती झाडे पाहायची. बहुधा रस्त्याकडेची पाहिली जातात. रस्त्याकडेची झाडे मोकळी असतात, तेथे तुडतुडे कमी सापडतात आणि बाग स्वच्छ असल्याचा अहवाल जातो. रचनेचा नकाशा येथे उपयोगी पडतो. समजा २०० झाडांच्या बागेतून दहा झाडे निवडायची आहेत. त्यातील पाच सर्वांत दाट व बंद भागातून, तीन मध्यम आणि दोन मोकळ्या भागातून घ्यावीत. मोहोर फुटण्यास आरंभ झाल्यापासून दर आठवड्याला त्याच झाडांच्या चारही दिशांचे मोहोर हलवून तुडतुडे मोजावेत, आणि आकडे झाडाच्या क्रमांकापुढे लिहावेत. दाट भागात संख्या वाढली पण मोकळ्या भागात नाही, असे दिसले तर सबंध बागेवर फवारणी करण्याची गरज आहे का, हा विचार करायला आधार मिळतो. दोन हंगामांच्या अशा नोंदी हाती आल्या की कोणत्या भागाची छाटणी आधी करायची, हेही बागायतदाराला नव्याने पटवून द्यावे लागत नाही. आकडे त्याच्याच वहीत असतात.

उड्डाणाचे नियम आणि माहितीची मालकी

ड्रोन नियम, २०२१ नुसार वजनावरून ड्रोनचे वर्ग ठरतात. २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचे मायक्रो, २ ते २५ किलोचे लघु. बागेच्या छायाचित्रणासाठी वापरले जाणारे बहुतेक ड्रोन मायक्रो किंवा लघु वर्गात मोडतात. व्यावसायिक सेवा देणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र असणे आवश्यक आहे. मायक्रो ड्रोन व्यावसायिक कामासाठी वापरला जात नसेल तर त्यात सूट आहे. उड्डाणापूर्वी डिजिटल स्काय या मंचावरील नकाशात आपली बाग हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते ते पाहावे. हिरव्या क्षेत्रात साधारणपणे १२० मीटर उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते, आणि त्याहून जवळ असल्यास परवानगीशिवाय उड्डाण करू नये. किनाऱ्यावर संरक्षणविषयक आस्थापना बऱ्याच आहेत, तेव्हा कोकणातील बागायतदारांनी ही खात्री स्वतः करून घ्यावी, सेवा देणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

करार करताना आणखी एक गोष्ट लिहून घ्यावी. काम संपल्यावर बागायतदाराच्या हाती बहुधा रंगीत नकाशाची छापील प्रत किंवा मोबाइलवर पाहण्याजोगे एक चित्र येते. त्यातून पुढच्या वर्षी तुलना करता येत नाही. मूळ छायाचित्रे, जमिनीच्या पृष्ठभागाची आणि झाडांच्या उंचीची स्थाननिर्देशांकांसह असलेली फाइल, आणि झाडांच्या क्रमांकांची यादी, या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. सोबत उड्डाणाची तारीख, वेळ, उंची आणि कॅमेऱ्याचे नाव एका कागदावर लिहून ठेवावे. पुढील वर्षी सेवा देणारा बदलला, तरी त्याला मोजणी कुठून सुरू करायची ते त्या कागदावरून कळेल.